संसार सोडून गेली ती

आमची आक्का निपाणीहून परत आली तेव्हा तिला कुणी मारलेलं नव्हतं, हीच मोठी अडचण झाली. मारलं असतं तर पाठीवरचे वळ दाखवता आले असते. आईनं गल्लीतल्या चार बायकांना बोलावून ते दाखवले असते, त्यांनी हळहळ केली असती आणि आक्का माहेरी का आली याचं उत्तर सगळ्यांना मिळालं असतं. पण आक्का आली ती बसमधून उतरून, पदर नीट सावरून, हातात एक पिशवी घेऊन. पाय धुतले आणि आईच्या हातातली काटवट ओढून घेऊन भाकरी थापायला बसली. लग्न होऊन गेलेली लेक न सांगता येते आणि भाकरी थापायला बसते, म्हणजे काय समजायचं माणसानं?

आईनं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"मारतोय?"

"न्हाय."

"पितोय?"

"न्हाय."

"दुसरी कोण हाय?"

"न्हाय."

"मग झालंय तरी काय गं?"

"बोलत न्हाईत," आक्का म्हणाली.

दाजी तिच्याशी बोलत नव्हते. दिवाळीच्या आधीपासून बंद झाले होते ते झालेच. मग हळूहळू सासूही बोलेनाशी झाली, मग धाकटी नणंद. दाजी तंबाखूच्या वखारीतनं यायचे, हातपाय धुवायचे, पुढ्यात आलेलं जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. कशानं बिनसलं ते आक्कालाही ठाऊक नव्हतं. विचारलं तर सांगायला त्या माणसानं बोलायला नको का?

"बोलत न्हाय म्हंजे काय?" आई म्हणाली. "पुरुषमाणूस हाय, दमून येतोय. कमवून आणतोय न्हवं? खायला घालतोय न्हवं?"

"घालत्यात की," आक्का म्हणाली.

आप्पांचं म्हणणं तर त्याहून सोपं होतं. "मी तरी कुठं बोलतो दिवसभर?" ते म्हणाले. ते खरंच होतं. वडगावात आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडात दोन पावरलूम होते. त्यावर आप्पा साड्या विणायचे. माग सुरू झाले की कानाशी येऊन ओरडलं तरी शब्द कळायचा नाही. म्हणून मागावरची माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ओठ बघून उत्तर देतो. आप्पांचे कान तर निम्मे गेलेच होते. घरातही ते आमच्या डोळ्यांकडं न बघता तोंडाकडं बघायचे.

तेव्हा ठरलं असं, की अमावास्येला माग बंद असतात, त्या दिवशी निपाणीच्या पाव्हण्यांना बोलवायचं आणि पोरीची समजूत घालून परत धाडायचं. पाव्हण्यांनी निरोप धाडला की तंबाखूचा हंगाम आहे, पुढच्या अमावास्येला येऊ. मग त्याच्या पुढच्या. आक्का तोवर आमच्यात राहिली. सकाळी उठून रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. विचारलं तर बोलायची, नाही तर नाही. रडली तर एकदाही नाही. मी तेव्हा नववीत होते आणि मला तिचा भारी राग यायचा. अगं, तुझं घर मोडायला लागलंय, जरा छाती पिटून घे की!

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला. गल्लीच्या तोंडाला एका शाळेतल्या बाईंचं घर होतं, त्यांच्यात. बाई बौद्ध समाजातल्या. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या रानात राबलेले, आणि या शिकून मास्तरीण झालेल्या. आमच्या गल्लीतल्या बायका तोवर त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. टीव्ही आला आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळ्या त्यांच्या पुढच्या सोप्यात मांडी घालून बसायला लागल्या. पहिले दोन आठवडे चहाला "नको, आत्ताच झालाय" म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात कुणी तसं म्हणालं नाही. बाई पण कुणाला काही बोलल्या नाहीत.

दिल्लीवरनं हिंदी मालिका लागायची. छपरावर बांबूला अँटेना बांधलेला, वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. एका मोठ्या शहरातलं मोठं घर, इस्टेटीवरनं भावाभावांत भांडणं, कोर्टकचेऱ्या. त्यातलं आमच्या बायकांना निम्मं कळायचं नाही आणि त्याची त्यांना पर्वाही नव्हती. त्या बसायच्या मधल्या सुनेसाठी. तिचा नवरा साहेब होता आणि तो तिच्याशी बोलायचा नाही. यायचा, कोट खुंटीला लावायचा, टेबलाशी बसून जेवायचा, पेपर उघडायचा. ती समोर उभी. तिचा चेहरा मोठा करून दाखवायचे, आणि मागं बासरी वाजायची. बास, एवढंच.

आणि काय सांगू, त्या एवढ्यावर आमची गल्ली पेटून उठायची.

"अरं बोल की मुडद्या!"

"तोंडाला काय कुलूप लावलंय का काय भाड्यानं!"

"लाखाची बायको हाय, आणि बघतोय का बघ जरा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा. शेंगा फोडता फोडता ती त्या साहेबाला अशा शिव्या घालायची की बाई आतून हसत बाहेर यायच्या. पदरानं डोळेही पुसायची. मी तिच्याकडं बघत बसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा घरी येता येता मी म्हटलंच, "आई, दाजीबी असंच करत्यात की गं."

"ते येगळं," आई म्हणाली.

"कसं काय येगळं?"

"हे नाटक हाय. गप चल म्होरं."

म्हणजे टीव्हीतला नवरा बोलत नव्हता तो दुष्टपणा होता, आणि आमचा जावई बोलत नव्हता तो त्याचा स्वभाव होता. तिथं बासरी वाजत होती म्हणून आईला कळत होतं. निपाणीत आक्काच्या मागं बासरी वाजवायला कुणी नव्हतं.

आक्का आमच्याबरोबर यायची. भिंतीला टेकून बसायची आणि डोळा न हलवता बघायची. सगळ्या हुंदके देतायत आणि ही ठक्क कोरडी. "हिला काय वाटतच न्हाय बघा," असं एक शेजारीण तिच्या देखत म्हणाली. मला वाटलं, आता तरी ही काहीतरी उत्तर देईल. तिनं दिलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "आक्का, तुला बघून कसं वाटतंय गं?"

ती विचार करून म्हणाली, "ती ताट जरा जोरात ठेवती. सुरवातीला मीबी ठिवायची. त्या आवाजानं बघतील असं वाटतंय. पर बघत न्हाईत."

एवढं बोलून ती अंथरूण घालायला गेली. मला खूप वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. आतून सुन्न झाल्यासारखं झालं. तिच्या शेजारी झोपून झोपून तिचं मला लागलं की काय, कुणास ठाऊक. त्यानंतर मालिकेत ती ताट ठेवायची तेव्हा मी फक्त तिचे हात बघायची.

मग एका भागात त्या सुनेचा भाऊ मोटार घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. ती आजारी होती, खोकत होती, पण आमच्या बायकांचं लक्ष तिकडं नव्हतं. ती निघाली हे महत्त्वाचं. आठवडाभर नळावर दुसरा विषय नाही. येईल का, ठेवतील का, भाऊजय कशी असेल.

पुढच्या आठवड्यात वारा होता, पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्या मुंग्यांत फोन वाजला. म्हाताऱ्या सासऱ्यानं तो घेतला, खाली ठेवला आणि साहेबाकडं वळून म्हणाला, "वह संसार छोड़कर चली गई."

आणि दिवे गेले. गल्लीतले गेले, माग थांबले, सगळं वडगाव एकदम गप्प झालं. बाई चहा करायला आत होत्या, त्या कंदील शोधायला लागल्या. आणि अंधारात आमच्या बायकांनी एकच गिल्ला केला.

"संसार सोडला! तिनं संसार सोडला!"

"म्हायेरला जाऊन फोन केला बघ, न्हाय नांदत म्हणून!"

कानडी बोलणारी एक शेजारीण होती, तीही म्हणाली, "संसार बिट्टळु? छलो आतु!" म्हणजे, सोडला का, बरं झालं. कानडीतही संसार म्हणजे संसारच, नवराबायकोचं घर. दोन्ही भाषांचं एकमत झाल्यावर शंका घेणार कोण?

"लई बरं केलं," आईचा आवाज आला. "दगडासंगं बाईनं कुठवर संसार करायचा? माणूस हाय का कोण हाय ती?"

मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. अंधारात आक्का कुठं बसलीये ते सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ती कानडी शेजारीणच बोलली, "मग तुमच्या लेकीचं काय वो?"

अंधारात आईनं एक शेंग फोडली. मग म्हणाली, "माझी लेक काय वाऱ्यावर पडलीया व्हय?"

सगळ्या गल्लीपुढं बोललेला शब्द होता तो. आई तो मागं घेणारी नव्हती, जीव गेला तरी.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेत हिंदीचा तास चालू होता. धड्याखाली शब्दार्थ होते आणि आम्ही ते मोठ्यानं म्हणत होतो. संसार म्हणजे जग. संसार म्हणजे जग. दोनदा म्हटलं आणि मला तो फोन आठवला. म्हणजे ती नांदायचं सोडून गेली नव्हती. ती मेली होती. माहेरी खोकून खोकून मेली, आणि त्याचा फोन आला होता.

घरी आले तेव्हा आक्का रहाटावर कांड्या भरत होती. मागं माग धडाधड चालू. मी तिच्यासमोर बसले आणि आप्पांसारखं नुसते ओठ हलवून सांगितलं. ती मेली. संसार म्हणजे जग. हिंदीत.

आक्काचा रहाट थांबला नाही. तिनं सुताचा धागा बोटानं सारखा केला.

"मेली व्हय," तिचे ओठ म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आईला सांगू नगंस."

"का?"

"ती म्हणंल, कपाळावरच्या कुंकवानिशी गेली, सोनं झालं बाईचं. मग मला उद्याच्या गाडीत बशिवंल."

मी सांगितलं नाही. आजतागायत नाही. मालिकेत पुढं तो साहेब रिकाम्या खुर्चीकडं बघत बसायचा, दारू प्यायचा, आणि आमच्या बायका खूश होऊन म्हणायच्या, "भोग आता! असताना कळलं न्हाय!" आई तर शेवटच्या भागापर्यंत ती सून परत यायची वाट बघत होती. ती आलीच नाही तेव्हा म्हणाली, "शाणी हाय. कशाला येतीया?" शाळेतल्या बाईंना खरं ठाऊक असणारच. त्या कपबश्या गोळा करत राहिल्या.

मालिका अजून चालू असतानाच एका अमावास्येला पाव्हणे आले. दाजी, त्यांचे वडील, आणि मध्यस्थ म्हणून कंग्राळीचा आमचा मामा. माग बंद, त्यामुळं घरात घड्याळाचाही आवाज ऐकू येत होता. आधी तंबाखूचा भाव झाला, मग सुताचा भाव झाला. चहा झाला. मग मामानं विषय काढला.

"पोरी, काय तरास हाय तुला? सगळ्यांम्होरं सांग."

आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "बोलत न्हाईत," ती म्हणाली.

तिचे सासरे हसले. चांगले मनमोकळे हसले. "एवढंच व्हय? आवं पाव्हणं, आमाला वाटलं काय न् काय! बोल रं, बोल बायकोसंगं."

दाजींनी खाकरून घसा साफ केला. मग म्हणाले, "चल."

"हां! बोललं की!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाला. "झालं मग! बोललं का न्हाय?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, मीसुद्धा हसले, इतकं हलकं वाटलं एकदम. एका शब्दावर आम्ही तिला परत पाठवायला निघालो होतो. मामानं तर गाडीची वेळ विचारली.

आक्का हसली नाही. तिनं सरळ दाजींना विचारलं, "मला कशापायी न्यायला आलायसा?"

विचारण्यात राग नव्हता. खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं तिनं.

दाजी जमिनीकडं बघत बसले. आम्ही सगळे थांबलो. आता बोलतील, मग बोलतील. सासऱ्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं. तेवढ्यात आप्पा जागचे हलले, सतरंजीवरनं सरकत सरकत दाजींच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले आणि त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. मागावर बघतात तसं, टक लावून. सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. दाजींनी मान फिरवली, तर आप्पांनी वाकून परत तोंडाकडं बघितलं. किती वेळ बघत होते देव जाणे.

मग ते मामाकडं वळून म्हणाले, "मागावर आमी बोलत न्हाय. पर व्हट हालत्यात आमचं. ह्यांचं व्हटबी हालत न्हाईत रं."

"पाव्हणं, असा संसार मोडत नसतोय," सासरे म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता.

"मोडला न्हाय," आई म्हणाली. "तिनं सोडलाय."

आक्कानं तेवढं एकदाच माझ्याकडं बघितलं.

पाव्हणे गेले. जाताना मामा आप्पांना दारात म्हणाला, "लोकं काय म्हणतील?" आप्पांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं, आणि त्या वेळी मला त्यांचे कान गेल्याचं फार बरं वाटलं. दाजी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मागं वळले नाहीत. त्यांच्याही आत काय होतं ते देवाला ठाऊक. मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण ज्या माणसाचं काहीच माहीत नाही त्याच्यावर माणूस चिडणार तरी किती?

मला वाटलं होतं, आता आक्का हसेल. निदान रडेल तरी. सुटली बाई एकदाची! तिनं कपबश्या विसळल्या, सतरंजी झटकून घडी घातली, चूल सारवली. चेहरा तसाच, निपाणीहून आली त्या दिवशीचा. मला असा संताप आला की मी तिच्याशी बोलायचंच सोडून देणार होते, आणि मग माझं मलाच ते किती वाईट आहे ते कळलं.

दिवस कलला. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिकडं कधी यायचे नाहीत. त्यांनी चौकट नखानं खरवडली. शेवटी म्हणाले, "आक्का, आज तुला आवडतंय ते कर."

आक्कानं वळून बघितलं. "मला?"

"मग कुणाला?"

ती पिठाच्या डब्याकडं बघत उभी राहिली. मग डाळीच्या डब्याकडं. आईनं तोंड उघडलं, आक्काला लहानपणी काय आवडायचं ते ती सांगणार होती, पण आप्पांनी हातानं तिला थांबवलं. आम्ही सगळे उभेच.

"आप्पा," आक्का म्हणाली, "मला काय आवडतंय त्येच आठवंना झालंय."

घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशी ती म्हणाली. आई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली.

आप्पा खाली बसले, भिंतीला टेकले. "मग आठवूस्तवर हितंच ऱ्हा," ते म्हणाले.